सुरी नाई, ठप्पा

लटारू रामटेके माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्याच्यावरून तुमाले तसं वाटणार नाई. तीस वर्षं चंद्रपूरच्या थर्मल वीज केंद्रात फिटर होता. दांडी नाई, दारू नाई, कोणाच्या अध्यात नाई की मध्यात नाई. त्याचं घर अन् माहं घर याच्या मधात एकच भिंत. पण एका मशीनपायी त्यानं जे आठ महिने घालवले, त्या आठ महिन्यांत माहं बीपी वाढलं ते अजून खाली उतरलं नाई. बायको म्हणते, गोळी घेत जा. गोळीनं काय होते, लटारू तं बाजूलेच राहते.

मी वामनराव. कोळशाच्या खाणीत ट्रकच्या धरमकाट्यावर बाबू होतो, एकतीस वर्षं. भरला ट्रक आला, वजन लिहा. रिकामा आला, वजन लिहा. चल, पुढं हो. विचार करत बसणारा माणूस माह्या काट्यावर पाच मिनिटं टिकला नसता, मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून त्याचा जीव घेतला असता. अन् रिटायर झाल्यावर नशिबात शेजारी कोण, तं लटारू.

झालं असं. याची बायको गेल्यावर घरात हा अन् याची माय गुणाबाई, दोघंच. पोरगी दीपिका पुण्यात नोकरीले. मागच्या थंडीत हा तिच्याकडे महिनाभर राहून आला. पुण्यात म्हणे कॉम्प्युटरवाले पोट्टे-पोट्ट्या रविवारी फी भरून चामड्याचं पाकीट शिवाले शिकते. दीपिकानं बापाले बी त्या क्लासात बसवलं. हा तिथून एक पाकीट घेऊन आला, स्वतःच्या हातचं, अन् आठ दिवस कॉलनीतल्या हरेक माणसाले खिशातून काढून दाखवलं. टाके वाकडे होते. मी तसं बोललो बी.

"वामनभाऊ," तो मले म्हणाला, "तीस वर्षं मी नुसती दुरुस्ती केली. बिघडलेलं पह्यल्यासारखं करा, बस. हे एक असं आहे जे आधी नोहतं अन् माह्या हातून झालं."

हे सांगताना त्याचा चेहरा लय खुलला होता. बायको गेल्यापासून सहा वर्षांत त्याले असं मी पाह्यलं नोहतं.

दीपिकानं त्याले सामानाची एक पेटी देल्ली होती. सुया, मेण लावलेला धागा, भोक पाडायचा टोच्या, अन् एक लहान पण लय धारदार सुरी. घरी आल्यावर एक दिवस सकाळी हा टेबलावर चामडं पसरून बसला, फूटपट्टी ठेवली अन् सुरी चालवली. तेवढ्यात गुणाबाई अंबाडीचं टोपलं घेऊन आतून बाहेर आली. तिनं चामडं पाह्यलं, सुरी पाह्यली, अन् तशीच माघारी आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाई. दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता सांगतलं, "शिवायचं तं शिव. पण या घरात चामड्याले सुरी लागणार नाई. माह्या बापानं सोडली ते सोडली."

आता ह्याच्यात न समजण्यासारखं काई नाई. छप्पन साली चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली तव्हा गुणाबाई अकरा-बारा वर्षांची होती. गावोगावच्या लोकांनी मेलेलं ढोर ओढणं, सोलणं तिथून बंद केलं. हे आमच्या इथी लहान पोराले बी माहीत आहे. म्हातारी ऐंशीले टेकली, तिचं मन राखा, विषय संपला. दुसरा कोणी असता तं एक तं छंद सोडला असता, नाई तं मायले समजावलं असतं. लटारूनं दोन्ही केलं नाई. सुरी पेटीत घातली, पेटी कपाटावर ठेवली, अन् पंधरा दिवस खिडकीपाशी नुसता बसून राह्यला. जेवणात लक्ष नाई, बोलण्यात लक्ष नाई.

मी म्हटलं, माह्या घरी येऊन काप बाप्पा, माह्या मायची काई हरकत नाई, ती वर गेली. तं म्हणे, "माय घर म्हणाली, पण तिच्या मनात भिंती नोहत्या." घ्या. अशा माणसाशी काय बोलाव.

मंग एक दिवस मोबाइल घेऊन पळत आला. त्यात एक माणूस लोखंडाची एक चौकट चामड्यावर ठेवते, वरून मशीननं दाबते, अन् पाकिटाचा तुकडा बरोबर आकारात कापून निघते. त्या चौकटीले डाय म्हणते अन् दाबायच्या मशीनले प्रेस. पोळीच्या कणकेवर वाटी दाबून पुऱ्या काढते ना बाया, तसंच.

"सुरी नाई यात," लटारू म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "हात लागत नाई, सुरी लागत नाई. मशीन दाबते."

आत जाऊन मायले त्यानं सांगतलं तव्हा डाय म्हणून नाई सांगतलं. ठप्पा म्हणून सांगतलं. ठप्पा गुणाबाईले माहीत होता. पोस्टात मारते तो, बँकेत मारते तो. "ठप्पा चालन," ती म्हणाली. तो शब्द त्यानं मुद्दाम काढला का सहज तोंडात आला, ते त्याले विचारायची माही हिंमत अजून झाली नाई.

आता मशीन घ्यायची तं घे ना. नाई. याच्या पोटात फिटर बसलेला. एक मशीन निघाली टेबलावर ठेवायची, हँडल खाली ओढायची. एक निघाली दोन रुळांची, रसवंतीवाला ऊस घालते तशी त्यात डाय अन् चामडं घालायचं अन् चक्का फिरवायचा. एक चौकटीत ट्रकचा जॅक बसवलेली. चौथी कारखान्याची होती, थ्री-फेजवाली, ते घरात चालतच नाई म्हणून सुटलो. तिनातून एक निवडाले माणसाले किती वेळ लागते? माही बायको तेवढ्या वेळात अख्ख्या लग्नाच्या साड्या घेऊन येते, अन् तिले बी मी बोलतो.

हँडलवालीचा जोर कमी, म्हणे. मोठी डाय असली का एका अंगानं कापते, दुसऱ्या अंगानं नाई. रुळाची घे, तं म्हणे तिच्यात उंच डाय जात नाई अन् चामडं सरकते. मंग जॅकची घे. तं म्हणे घेतो, पण प्लेट केवढी घ्याची? लहान घेतली तं पुढं मोठी डाय बसणार नाई. मोठी घे मंग. मोठी मधातून वाकते. मी म्हटलं, लटारू, तू पाकीट बनवून राह्यला का धरणाचं दार?

कागदावर पाकिटाचा नकाशा काढून त्याच्या काठानं शिवायचा धागा लावत बसे. मंग तो धागा सरळ करून फूटपट्टीवर मोजे. म्हणे, जोर तुकड्याच्या मोठेपणावर नाई लागत, धारेच्या लांबीवर लागते. हे तो मले सांगे. मायसमोर धार म्हणत नोहता, काठ म्हणे. मले तव्हाच समजाले पाह्यजे होतं का हा माणूस स्वतःलेच गुंडाळून राह्यला. पण माहं लक्ष कुठी, मले तं हे प्रकरण एकदाचं आटपायचं होतं.

जूनमध्ये मले घेऊन नागपूरले गेला. मिठाईचे डबे अन् लग्नपत्रिका कापायच्या डाय बनवणारा एक कारागीर शोधला होता त्यानं. पोलादाची पातळ पट्टी आकारात वाकवून प्लायवूडमध्ये ठोकून बसवते, तसला. दुकानदारानं पाणी देल्लं, खुर्ची देल्ली अन् विचारलं, "महिने का कितना पीस निकालोगे?"

"दोन," लटारू म्हणाला.

"दो हजार?"

"दोन."

दुकानदारानं माह्याकडे पाह्यलं. मी पंख्याकडे पाह्यलं. मंग त्यानं मराठीत विचारलं, योजनेतून घेऊन राह्यले का, समाजाचा दाखला असन तं सूट भेटते. लटारूनं सांगतलं, योजना नाई, हौस आहे. "चामड्याची हौस?" दुकानदार म्हणाला. मंग जरा पुढं वाकून, आवाज खाली करून, "पण तुमी कोण लोक?"

"रिटायर लोक," लटारू म्हणाला अन् नकाशा त्याच्यासमोर सरकवला.

बसमध्ये मी त्याले लय बोललो. तुह्यासाठी दिवस गेला, कोणी काई बी विचारते, अन् तू पाकिटापायी हे ऐकून घेते म्हटलं. खरं सांगतो, राग मले त्या दुकानदाराचा आला होता. पण तो मागं राह्यला अन् लटारू बाजूले बसला होता. तो वरोऱ्यापर्यंत खिडकीतून पाहत बसला.

ऑगस्टमध्ये ठरलं एकदाचं. जॅकवाली, दहा टनाची. पैसे भरले, अन् हा दोन दिवस परत नागपूरले गेला, डायच्या नकाशावर त्या कारागिरासोबत बसाले. जाताना मले सांगून गेला, मशीन येईन, लक्ष ठेवजो.

आता मी एकतीस वर्षं टन हा शब्द लिहिलेला माणूस. दहा टन म्हणजे एक ट्रक कोळसा. हा ट्रकभर लोखंड समोरच्या खोलीतल्या टाइलवर ठेवणार? म्हातारी आत झोपते. याले सहा महिने विचार कराले वेळ आहे अन् एवढी साधी गोष्ट सुचत नाई, म्हटलं, आता मलेच पाहाव लागन. वारलू मिस्त्र्याले बोलावलं. लटारूच्या मागच्या आंगणात गुणाबाईच्या अंबाडीचा वाफा होता तो काढला, मांडीभर खोल खड्डा केला, गिट्टी टाकली, सळाख टाकली, सिमेंट ओतलं. गुणाबाई दारात उभी राहून पाहे.

"एवढी मोठी हाये का हो मशीन?"

"दहा टन, बाई."

"अंबाडी गेली माही," ती म्हणाली. मंग जरा थांबून, "जाऊ द्या. पोराचं मन लागलं हाये त्याच्यात."

चौथ्या दिवशी मशीन आली. ऑटोतून. ऑटोवाल्यानं एकट्यानं उचलली, टेबलावर ठेवली अन् पाणी मागितलं. लटारू आंगणातला ओटा पाहून आला अन् लय नरमाईनं मले म्हणाला, "वामनभाऊ, दहा टन तिचं वजन नाई. तिचा जोर आहे." मले काय माहीत जोर बी टनात मोजते. कॉलनीतले लोक त्या ओट्याले आता वामनरावचा धरमकाटा म्हणते. म्हणू द्या.

मशीन आली तं वाटलं सुटलो. कुठचा सुटतो. सुरी लावायची नाई म्हटल्यावर जे जे कापायचं ते ते डायनंच कापाव लागन. पाकिटाचे कोपरे गोल, त्यासाठी डाय. पैसे काढाले अंगठ्याची खाच, त्यासाठी डाय. मी म्हटलं, अबे लटारू, तेवढं तं ब्लेडनं कर, तुही माय ब्लेडले नाई म्हणाली नाई. तं म्हणे, "ब्लेड कोण आहे मंग, सुरीची बहीणच ना?" तीन आठवडे नकाशा खोडून खोडून शेवटी त्यानं सगळं एकाच डायमध्ये बसवलं, कोपरे बी अन् खाच बी. ऑक्टोबरमध्ये ती डाय नागपूरवरून आली.

रविवार होता. सकाळी मले चहाले बोलावलं. मशीन पुसून ठेवलेली, खाली नायलॉनचा पाट, त्याच्यावर तपकिरी चामडं. लटारूनं आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण हात कुठी ठेवाव त्याले समजत नोहतं. त्यानं मायले हात धरून आणलं, खुर्चीवर बसवलं, अन् वर्तमानपत्रातून डाय काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"माय, हा ठप्पा."

हातभर प्लायवूड, त्याच्यावर स्पंज चिकटवलेला. कापलेला तुकडा अडकू नये म्हणून तो असते, पट्टी त्याच्यात बुडालेली दिसत नाई. गुणाबाईनं लाकूड चाचपलं. मंग स्पंज बोटानं दाबला अन् पट्टी वर आली. तिनं अंगठा पट्टीवर आडवा ठेवून हळूच फिरवला. विळ्याची धार पाहाले बाया फिरवते तसा. अन् हात काढून घेतला.

"लटारू, ही सुरी हाये."

"नाई माय, हा ठप्पा..."

"वाकवली हाये. लाकडात बसवली हाये. पण सुरीच हाये. मले नोको सांगू, माह्या घरी होती."

लटारूचा चेहरा उतरला. त्यानं डाय तिच्या मांडीवरून उचलली, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली. गाठ बसेना, दोनदा सुटली. "परत पाठवतो," एवढंच म्हणाला, अन् चामड्याची बी घडी कराले लागला.

ते माह्याच्यानं पाहवलं नाई. आठ महिन्यांचा राग होता, तो म्हातारीवर निघाला. "बाई," म्हटलं, "हा माणूस तुमच्या एका शब्दापायी नागपूरच्या फेऱ्या मारून मारून झिजला. दुकानातलं चामडं आहे हे. मेलेलं ढोर कोण ओढून राह्यलं आता? सत्तर वर्षं झाली. सोडा ना ते."

गुणाबाई रागावली असती तं बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "वामनभाऊ, तुमाले वाटते मले चामड्याची किळस हाये. चप्पल घालतो ना आमी. कोंबडं कापतो, मासोळी कापतो. सुरीची काय किळस."

मंग ती लटारूकडे पाहून बोलाले लागली. "माह्या बापाले कोणी विचारे नाई. जेवत असो, ताप असो, पाटलाचा माणूस दारात येऊन हाक मारे. ढोर पडलं, चल. माहा भाऊ झाला त्या दिवशी बी आला. माय बाजीवर पडली होती, बापानं पोराचं तोंड बी पाह्यलं नोहतं. सुरी घेतली अन् गेला. मंग चंद्रपूरवरून दीक्षा घेऊन आले सारे. आठ दिवसांनी हाक आली. बाप उठला नाई. मी बाजूले बसली होती ना, त्याचे पाय लटलट कापत होते. पण उठला नाई. मंग गावानं मजुरी बंद केली, दुकानदारानं मीठ देल्लं नाई. तरी उठला नाई."

माहा आजा पाटील होता. दुसऱ्या गावचा, पण पाटीलच. हाक माराले जाणारा माणूस आमच्याच ओसरीवरून उठून जात असन. मी चहाचा कप खाली ठेवला. आठ महिने मी जे जे बोललो ते सारं मले आठवलं, अन् लाज वाटली.

गुणाबाईनं लटारूले विचारलं, "तुले कोणी सांगतलं हे कराले?"

"कोणी नाई, माय."

"दीपिकानं?"

"तिनं फक्त दाखवलं."

"या भाऊनं?"

"हा तं रोज सोड म्हणते."

"मंग काऊन करते?"

लटारू मास्तरासमोर उभं केल्यासारखा उभा होता. "मले आवडते," तो म्हणाला.

म्हातारी त्याच्याकडे पाहत राह्यली. "आवडते," तिनं तो शब्द पुन्हा म्हणून पाह्यला. आठ महिने, नागपूरच्या फेऱ्या, सिमेंटचा ओटा, अंबाडीचा वाफा, माहं बीपी. अन् या माणसानं आपल्या मायले हे एक वाक्य कधी सांगतलंच नोहतं. सांगतलं असतं तं फेब्रुवारीतच मोकळे झालो असतो सारे. मले त्याच्या पाठीत एक घालावी वाटली. पण तो रडून राह्यला होता, म्हणून हात आवरला.

"मंग हे लोखंड कायले आणलं?" गुणाबाई म्हणाली. "कपाटावरची सुरी काढ. तीच लाव."

तो पेटी काढाले स्टुलावर चढला. ती खालून स्टूल धरून उभी होती.

"कर," ती म्हणाली. "पण कोणी सांगतलं तं करू नोको."